येतानाचं बटण

गडचांदूरला, सिमेंटच्या ट्रकांची रांग जिथं संपते तिथं, एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं टिनाचं गॅरेज होतं. त्याची अर्धी उमर चुनखडीच्या खाणीतले टिपर दुरुस्त करण्यात गेली होती. तो फार बोलत नसे. गाडी आली की आधी तिच्याखाली पाठीवर निजायचा आणि जे काही सांगायचं ते खालूनच सांगायचा.

एका उन्हाळ्यात त्याच्याकडे एक पोरगा जीप घेऊन आला. जीप त्याच्या बापाची होती. बाप मागच्या दिवाळीच्या आधी गेला होता. माणिकगडच्या डोंगरात कोलामांचे आणि गोंडांचे गुडे, म्हणजे पाडे, आहेत. बाप वर्षानुवर्षं या जीपमधून तिथं मीठ, तेल, किराणा पोचवायचा. येताना कापसाची गाठोडी, तुरीची पोती आणायचा. कधी एखादा तापानं फणफणलेला माणूस मागच्या फळीवर निजवून आणायचा. जीप महिंद्राची एमएम 540. महिंद्रानं 1947 साली मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली, त्याच वंशातली ही. इंजिन फ्रेंच प्यूजो बनावटीचं डिझेल. आवाज जास्त, पळणं कमी, आणि चारही चाकांना जोर.

पोरानं मोबाइलवर पुष्कळ व्हिडिओ पाहिले होते. त्याची यादी तयार होती.

"काका, बॉडी चार इंच उचला. टायर मोठे टाका. पुढं विंच, वर लाइटची पट्टी. आणि लॉकर पाहिजे, पुढं बी अन् मागं बी. 2015 पासून थारमध्ये मागचा लॉकर कारखान्यातूनच येते. आपल्या गाडीत काऊन नाही?"

मिस्त्री गाडीखाली होता. "गाडी आठ दिवस ठेवून जा बापू," तो खालून म्हणाला. "आधी तिले काय पाहिजे ते पाहू. मंग तुले काय पाहिजे ते पाहू."

पहिले दोन दिवस त्यानं गाडी नुसती धुतली. कित्येक पावसाळ्यांचा चिखल कमानपाट्यांत आणि चॅसीच्या कोपऱ्यांत दगडासारखा बसला होता. तो निघाला तसे एकेक रोग दिसू लागले. पुढच्या चाकांचे हब गंजून घट्ट झाले होते. शाफ्टचे क्रॉस कोरडे पडले होते. मागच्या हौजिंगचं तेल काढलं तर ते दुधाच्या चहासारखं निघालं. त्यात पाणी गेलं होतं.

"हे कसं झालं?" पोरानं विचारलं.

मिस्त्रीनं हौजिंगवरची बोटाच्या पेराएवढी टोपी दाखवली. तिला ब्रीदर म्हणतात. एक्सल चालून तापतो, आतली हवा फुगते, ती या टोपीतून बाहेर जाते. गाडी नाल्यात उतरली की तापलेलं लोखंड एकदम थंड होतं, आतली हवा आखडते, आणि हौजिंग बाहेरून श्वास ओढतं. टोपी चिखलानं बुजलेली असली तर ते सीलमधून पाणीच ओढून घेतं. मिस्त्रीनं ती टोपी काढली, तिथं रबरी नळी जोडली आणि नळीचं दुसरं टोक पार वर, बॉनेटच्या आत नेऊन बांधलं. खर्च दोनशे रुपयेही झाला नसेल. माझं मत विचाराल तर त्या गाडीत झालेलं सगळ्यात मोलाचं काम तेच.

बॉडी उचलायला त्यानं साफ नकार दिला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्याला आकड्यानिशी माहीत होतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी उंच केलेली, पोत्यांनी भरलेली जीप घाटाच्या वळणावर कशी कलंडते ते त्यानं पाहिलेलं होतं. टायर त्याच मापाचे पण खोल खाचांचे घातले. पुढं-मागं चॅसीला एकेक जाड हुक बोल्टनं कसला. मागं एक फावडं, ओढायचा पट्टा आणि बाभळीच्या दोन फळ्या बांधायला जागा केली. विंचचं नाव काढलं नाही.

लॉकर मात्र बसवायचं त्यानं कबूल केलं. मागंच, पुढं नाही. पुढच्या एक्सलला लॉक लागला की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि वळताना चाकाजवळचा जॉइंट तुटतो.

पोराला लॉकर हवा होता, पण तो नेमकं काय करतो हे त्याला धड ठाऊक नव्हतं. मिस्त्रीनं मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि म्हणाला, "हे चाक पुढं फिरव." पोरानं उजवं चाक पुढं फिरवलं. डावं चाक आपोआप मागं फिरलं.

"आतमंदी चार लहान दातेरी चाकं हायेत," मिस्त्री म्हणाला. "वळणावर बाहेरच्या चाकाले जास्त जागा कापा लागते, आतल्याले कमी. ही चार चाकं दोघांचं जमवून देतात. सडकेवर हे सोनं हाये. पण चिखलात? दोघांले सारखाच जोर द्याचा हा त्यायचा नेम. एक चाक चिखलात गेलं, त्याले जोर पेलवतच नाही, नुसतं गरगर फिरते. मंग दुसऱ्यालेबी तेवढाच भेटते. कोरड्यात पाय रोवून उभं असलं तरी ते चाक हलत नाही."

पोरानं मान हलवली. तो शेतकऱ्याचा पोरगा होता. ट्रॅक्टरवर टाचेखाली एक पेडल असतं, ते त्याला माहीत होतं. नांगरताना एक चाक तासात घसरू लागलं की ते टाचेनं दाबायचं, दोन्ही चाकं एक होतात आणि ट्रॅक्टर निघतो. धुऱ्यावर वळायच्या आधी मात्र टाच उचलायची.

"तेच," मिस्त्री म्हणाला. "टिपरलेबी तेच राहते. ट्रॅक्टरवर टाच, इथं बटण."

काही गॅरेजवाले ती चार दातेरी चाकं वेल्डिंग करून टाकतात. स्वस्तात लॉक होतं, आणि कायमचं होतं. मग डांबरी रस्त्याच्या प्रत्येक वळणावर टायर किंचाळतात आणि एक दिवस एक्सल तुटतो. मिस्त्री ते काम कधीच घेत नसे. त्यानं हवेवर चालणारा लॉकर मागवला. बटण दाबलं की लहानसा कॉम्प्रेसर हवा सोडतो आणि लॉक लागतो; बटण सोडलं की निघतो. त्याच कॉम्प्रेसरनं टायरमध्येही हवा भरता येते.

तो बसवायला तीन दिवस गेले. मिस्त्री तेलात शेंदूर कालवायचा, तो क्राऊनच्या दातांना लावायचा, हळूच फिरवायचा आणि पिनियनचा डाग दातावर कुठं उमटतो ते चष्मा पुसून पाहायचा. डाग दाताच्या मध्यावर आला नाही की पुन्हा सगळं खोलायचं, कागदाएवढा पातळ शिम बदलायचा, पुन्हा शेंदूर. पाचव्या खेपेला डाग मध्यावर आला.

मग पुन्हा दोन्ही चाकं उचलली. बटण दाबलं. फुस्स झालं, आतून खट् आवाज आला. पोरानं उजवं चाक पुढं रेटलं. ते हललं नाही. गिअर काढून रेटलं तेव्हा डावंही त्याच्याबरोबर पुढं फिरलं. पोराचा चेहरा फुलला.

बटण मिस्त्रीनं समोर लावलं नव्हतं. ड्रायव्हरच्या सीटखाली, डब्याच्या आड लावलं होतं. दाबायचं तर गाडी थांबवून वाकावं लागे.

"इथं कायले लावलं, काका?"

"सहज हात जाऊ नये म्हणून," मिस्त्री म्हणाला. "हे बटण येतानाचं हाये बापू. जातानाचं नाही."

पोराला ते कळलं नाही. म्हातारा माणूस, काहीतरी बोलतो, असं त्याला वाटलं.

मृग लागला. पहिल्या पावसातच तो डोंगरात गेला. एका नाल्याच्या काठावर मागचं चाक फिरू लागलं. त्यानं थांबून वाकून बटण दाबलं. खट् झालं आणि जीप हत्तीसारखी पाय टाकत वर चढली. तो एकटाच मोठ्यानं हसला.

त्यानंतर त्याचा हात खुलला. जिथं इतरांच्या गाड्या थांबत तिथून तो पुढं जाई. प्रत्येक खेपेला थोडं अधिक पुढं. गुड्यावरची पोरं जीपमागं धावत. चौकात त्याचं नाव झालं. काही दिवसांनी त्यानं ते बटण सीटखालून काढून स्टिअरिंगशेजारी लावून घेतलं.

ऑगस्टमध्ये तो किराणा आणि खताची पोती घेऊन निघाला. झडी लागली होती. पहिला नाला आला, बटण दाबून पार केला. दुसरा आला, तोही तसाच. मग काळ्या मातीतली गाडवाट लागली. बटण दाबलेलंच होतं. अर्धं शेत ओलांडलं असेल, तेवढ्यात जीप हळूहळू खाली जाऊ लागली. आता दोन्ही मागची चाकं एकजुटीनं फिरत होती, आणि एकजुटीनंच खड्डा खणत होती. थोड्या वेळात जीप पोटावर बसली. चारही चाकं मोकळी फिरली.

त्यानं सगळं करून पाहिलं. मग इंजिन बंद केलं. दाबायला दुसरं बटण नव्हतं. फोनला रेंज नव्हती. आणि असती तरी काय, मागं दोन नाले होते. ते त्यानं स्वतः लॉक लावून ओलांडले होते. मदतीला येणारी कुठली गाडी ते ओलांडून आली असती?

रात्र त्यानं जीपमध्येच काढली. टपाचा कॅनव्हास गळत होता. सकाळपर्यंत मिठाची पोती निम्मी झाली होती.

उजाडल्यावर गुड्यावरून कोलाम शेतकरी आले. त्यांनी तीन बैलजोड्या आणल्या. चाकांपुढची माती हातांनी काढली, खाली पळसाच्या फांद्या घातल्या, पुढच्या हुकाला दोर बांधला. दुपार झाली तेव्हा जीप निघाली. दोन्ही नाल्यांवर पुन्हा बैलच लावावे लागले. पोरानं पैसे काढले. कोणी घेतले नाहीत.

त्यांच्यातला एक म्हातारा त्याच्याकडे बराच वेळ पाहत होता. तो म्हणाला, "तुया बाप गाडी इथवर कधी आणेच ना. पहिल्या नाल्याच्या त्या बाजूले थांबे. गाडीचं तोंड घराकडं करून ठेवे. मंग हाक मारे. आम्ही पोती डोक्यावर आणत जाऊ."

पोरगा गडचांदूरला आला तो थेट गॅरेजात. मिस्त्री काही बोलला नाही. त्यानं जीपचं दार उघडलं आणि पोराला आत पाहायला सांगितलं. दोन दांडे शेजारी शेजारी होते. गिअरच्या दांड्याचा गोटा झिजून गुळगुळीत झाला होता. त्यावरचे आकडे कधीच पुसले होते. चार चाकांच्या लहान दांड्याचा गोटा मात्र नव्यासारखा होता. त्यावरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

"मले वाटे, बाबाले तो दांडा वापरताच येत नसन," पोरगा हळूच म्हणाला.

"तुया बाप दोन चाकांवर जाता येईन तेवढाच जाये," मिस्त्री म्हणाला. "चाक फिरलं की थांबे. मंग मागं यायले त्याच्याजवळ चार चाकं शिल्लक राहत. तू चार चाकांवर गेला, वरून लॉक लावून गेला. यायले काय ठेवलं?"

त्यानं पाना घेतला आणि बटण पुन्हा सीटखाली लावायला बसला.

संध्याकाळी पोरानं आईला सगळं सांगितलं. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं. पण हे तिला लगेच कळलं.

"सरकीची एक बॅग तो दरसाली मागं ठेवे," ती म्हणाली. "शेजारचे लोक पहिल्या पावसात सारं रान टोबून टाकत. त्याले म्हणत, तुया अर्धा एकर पडीक काऊन? तो काही बोले ना. मंग पावसानं दडी मारली की दुबार पेरणीले लोक सावकाराच्या दारात, अन् आपली बॅग घरात."

पुढच्या वर्षीचा पावसाळा आला. पोरगा डोंगरात जात होता, पण आता आधी टायरची हवा उतरवायचा. सडकेवरची 28 पाउंड चिखलासाठी 16 वर आणायचा. हवा कमी झाली की टायर पसरतो आणि मातीला जास्त जागेत धरतो. मागचं चाक फिरू लागलं की थांबायचा. लोक त्याला हसले. एवढा महागाचा लॉकर घातला आणि नाल्याच्या अलीकडे उभा राहतो म्हणाले.

एका संध्याकाळी गुड्यावरून निरोप आला. कापसात निंदण करताना एका बाईच्या पायाला घोणस चावली होती. पोरानं जीप काढली. पाऊस थांबला होता, पण वाट ओली होती. पहिला नाला त्यानं चार चाकांवर पार केला. दुसऱ्या नाल्याच्या उतारावर मागचं चाक फिरलं.

पलीकडे गुड्यावरची माणसं उभी होती. ती हात करत होती. कुणीतरी ओरडलं, "बटण दाब ना! मागच्या साली तं येत होता!"

त्याचा हात सीटखाली गेला. बटणाला बोट लागलंसुद्धा. गुडा तिथून अर्ध्या कोसावर होता. विष चढत होतं. गाडी तिथवर नेली तर बाईला उचलून आणायचा वेळ वाचणार होता.

त्यानं हात काढला. जीप मागं घेतली, मुरमाच्या पट्टीवर वळवली, तोंड घराकडं केलं. मग खाली उतरून ओरडला, "खाट घेऊन या! पाय हलू देऊ नका!" आणि स्वतः नाल्यातून धावत पलीकडे गेला.

चौघांनी खाट खांद्यावर घेतली. पोरगा पाचवा. बाईचा पाय मांडीपर्यंत सुजला होता. तिचा नवरा खाटेबरोबर चालत होता आणि तिच्याशी सारखं बोलत होता, झोपू नको, झोपू नको. नाला लागेपर्यंत पाऊस पुन्हा सुरू झाला.

जीप निघाली तेव्हा अंधार पडला होता. पहिल्या नाल्याचा काठ आता साबणासारखा झाला होता. जीप अर्धी चढली आणि थांबली. डावं मागचं चाक चाकोरीत लटकलं आणि गरगर फिरू लागलं. उजवं मुरमावर होतं, पण हलत नव्हतं.

तेव्हा पोरगा वाकला आणि बटण दाबलं. फुस्स. खट्. उजव्या चाकानं मुरूम धरला. जीप एकदा हिसकली आणि काठ चढून वर आली.

डांबरी लागताच त्यानं बटण सोडलं. ग्रामीण रुग्णालयात पोचले तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. प्रतिविषाचं सलाइन लागलं. दुसऱ्या दिवशी तिला चंद्रपूरला नेलं. आठ दिवसांनी ती स्वतःच्या पायानं बसमधून उतरली.

ही गोष्ट मी खूपदा सांगितली आहे. ऐकणारे दर वेळी लॉकरविषयी विचारतात, कुठं मिळतो, कितीला पडतो. लॉकर चांगला असतो, ज्याला लागतो त्यानं जरूर बसवावा. मला मात्र त्या बटणावरून काढून घेतलेला हात आठवत राहतो. हाती बळ आलं की आपण ते लगेच पुढं जाण्यात घालतो. नोकरी लागली की पगार पुरणार नाही एवढं मोठं घर बांधतो, पीक चांगलं दिसलं की त्याच्या भरवशावर कर्ज काढतो, आणि अडकतो तेव्हा जिथं हाक पोचत नाही अशा जागी अडकतो. तो बाप अडाणी होता, पण पोतं कुठं उतरवायचं आणि बॅग कधी फोडायची नाही, हे त्याला कळत होतं.

त्या पावसाळ्यात जीप सतरा वेळा डोंगरात गेली. बटण दोनदा दाबलं गेलं, दोन्ही वेळा येताना.